टाकीचं झाकण

दादा, गाडी टोचन लावूनच न्यावी लागली. हे आधी सांगून टाकते, कारण तू पहिलं तेच विचारलं असतंस.

नांदेडच्या दवाखान्यात तोंडावरचा मास्क हातानं बाजूला करून तू म्हणाला होतास, "शोभे, मला कसंबी न्या. हातगाड्यावर न्या. पण माझ्या गाडीला टोचन लावू नका. तिनं आजवर कुणाच्या मागं बांधून घेतलं न्हाई." वहिनी तोंडाला पदर लावून बाहेर गेली. मी म्हणाले, "आधी मास्क लाव." मग माझ्या सवयीप्रमाणे ते कामांच्या यादीत लिहिलं: गाडी स्वतःच्या इंजिनावर जाईल. ती ओळ अजून तशीच आहे. तिच्यापुढे बरोबरची खूण करता येत नाही, आणि खोडायला हात होत नाही.

तू गेल्यावर लोक तुझ्याबद्दल पुष्कळ बोलले. कष्टाळू होता, मनमिळाऊ होता, कुणाला नाही म्हणाला नाही. यातलं शेवटचं खोटं आहे. मला तू आयुष्यभर नाही म्हणत आलास. मी गाडीविषयी काही सुचवलं की तुझं उत्तर तयार असायचं: "तुझी यादी घाल चुलीत." मला आत्ता तुझ्याशी त्याच विषयावर बोलायचं आहे. दुसरं काही बोलायला गेले तर जमणार नाही.

गाडी सुरू व्हायची आणि बंद पडायची. आपल्यातलं निम्मं भांडण या एका वाक्यात आहे.

पहिल्यांदा मी ते पाहिलं उदगीरला, सासर सोडलं त्या दिवशी. तू भोकरहून ही मालाची गाडी घेऊन आला होतास. जे माझं होतं त्याची मी यादी केली होती, म्हणजे मागून कुणी बोलायला नको. कपाट, खाट, शिवणयंत्र, भांडी. सगळं चढवून झालं. गल्लीतले लोक ओट्यांवर येऊन बसले होते. तू किल्ली फिरवलीस, गाडी धडधडली, कोपऱ्यापर्यंत गेली आणि गप्प झाली. पुन्हा सुरू केलीस, पुन्हा गप्प. सासूबाई दारातून म्हणाल्या, "बघा, गाडीलाबी पटंना हिचं जाणं."

मला वाटलं जमिनीनं पोटात घ्यावं. तू मात्र खिडकीतून डोकं बाहेर काढून म्हणालास, "न्हाई मावशी, गाडी शहाणी हाय. सामान समदं आलं का ते मोजून राहिली. एक पितळी पातेलं कमी हाय म्हणती."

गल्ली हसली. आणि खरोखरच आतून माझं पितळी पातेलं बाहेर आलं. यादीत ते होतं, पण मागायची हिंमत मला झाली नव्हती. आज माझ्या मेसमध्ये त्याच पातेल्यात खीर होते.

मग तू खाली उतरलास. टाकीच्या झाकणाचं कुलूप काढलंस, डिझेल किती आहे ते बघायला ज्वारीचं धाट आत बुडवलंस, झाकण लावून पुन्हा कुलूप घातलंस. बॉनेट उघडून फिल्टरवरचा बोल्ट सैल केलास, हातपंपानं फेस जाईपर्यंत हवा काढलीस, बोल्ट आवळलास. गाडी सुरू झाली ती थेट लातूरच्या वाटेवर नळेगावच्या पुढे जाऊन बंद पडली. तिथे पुन्हा तेच. झाकण, धाट, बोल्ट, हवा. मी केबिनमध्ये मांडीवर पातेलं घेऊन बसले होते आणि बघत होते. तू प्रत्येक वेळी दोन कामं करायचास आणि श्रेय एकालाच द्यायचास.

"पाईप कुठंतरी हवा घेऊन राहिला," तू म्हणालास.

"मला वाटतं टाकीला हवा मिळत नाही," मी म्हणाले.

तू माझ्याकडे असं पाहिलंस की जणू मी म्हणाले, चाकं चौकोनी करून बघू.

पण माझं म्हणणं साधं होतं. देगलूरकडच्या एका धाब्यावर तुझं डिझेल चोरीला गेलं, तेव्हापासून तू ते जाड लोखंडी झाकण करून घेतलं होतंस. वर कुलूप, आत टायरच्या ट्यूबची कापलेली रबरी चकती. "पाण्याचा थेंब जायचा न्हाई आत," असं तू कौतुकानं सांगायचास. अरे, पाण्याचा थेंब जात नसेल तर हवा कुठून जाणार? टाकीतून जेवढं डिझेल बाहेर पडेल तेवढी हवा आत यायला नको का? तेलाच्या पत्र्याच्या डब्याला एकच भोक पाडलं की तेल गचके खात येतं आणि थांबतं. दुसरं भोक पाडलं की सरळ धार लागते. हे स्वयंपाकघरातल्या कुठल्याही बाईला माहीत असतं.

"इंजिन म्हणजे तेलाचा डबा न्हाई," तू म्हणालास.

त्यानंतर हे भांडण कधी संपलंच नाही. दिवाळीला, भाऊबिजेला, नागपूरहून परत येताना, आईच्या जलदान विधीच्या दिवशीसुद्धा. तुझे दोस्त सलीमभाई एकदा वैतागून म्हणाले होते, "भाऊ म्हणतो हवा जास्त झाली, ताई म्हणते हवा कमी झाली. मधल्यामधी मी धक्का मारून राहिलो."

एकदा दसऱ्याच्या आधी माहूरला नारळ पोचवायचे होते, तेव्हा मी तुझ्याबरोबर आले होते. लातूरला एका खोलीत राहत होते, हाताला काम नव्हतं, आणि तू म्हणालास, घरात बसून भिंती मोजण्यापेक्षा चल. घाट चढताना गाडी बंद पडली. तू चाकांना दगड लावलेस, हवा काढलीस, हात पुसलेस, आणि इंजिन जरा थंड होऊ दे म्हणून कठड्यावर बसलास. थर्मासमधला चहा तू झाकणात ओतून मला दिलास आणि स्वतः बाटलीलाच तोंड लावलंस.

तिथे तू सहज म्हणालास, "लातूरला गावोगावची पोरं शिकायला येऊन राहिलीत. खाणावळीचं खाऊन पोटं बिघडवून घेतात. तुला स्वयंपाक येतो, हिशोब येतो, आणि कटकट तर लईच येते. मेस काढ."

मी म्हणाले, "मला एकटीला जमेल का?"

तू म्हणालास, "यादी कर."

आयुष्यात तेवढ्या एकदाच तू मला यादी कर म्हणालास. माझी मेस, माझं घर, माझा भाजीचा टेम्पो, सगळं त्या कठड्यावर सुरू झालं. गाडी चालत राहिली असती तर तू एवढा वेळ माझ्याशी बोलला नसतास, दादा. चालत्या गाडीत तू फक्त रस्त्याशी बोलायचास. हे मी तुला कधी सांगितलं नाही. ती बंद पडायची म्हणून मला तुझ्याजवळ बसायला मिळालं, हे कबूल केलं असतं तर झाकणाचा मुद्दा कमजोर झाला असता.

मागच्या वर्षी तू पाठवलेला फोटो आला. मी कणीक मळायला सांगून जरा टेकले होते, फोन वाजला. लोखंडी झाकण तुझ्या तळहातावर, कुलपाच्या बाजूला ड्रिलनं पाडलेलं नीट गोल भोक, आणि त्यात खोचलेली तार. खाली तुझं लिहिणं: "पाडलं भोक. आता तरी गप बस."

मी अंगठा पाठवला. मनातून इतकी खूश झाले की त्या दिवशी पोरांना जेवणात शिरा वाढला. एवढ्या वर्षांनी तू माझं ऐकलं होतंस. चार दिवसांनी फोन करून विचारलं, "आता बंद पडते का?"

"पडते की. मी म्हणलं नव्हतं? पाईपच हाय."

मी हरले. झाकणाचा विषय माझ्याकडून मिटला. त्यानंतर तुझाच श्वास कमी पडायला लागला आणि गाडी दारात उभी राहिली.

तुझ्या जलदान विधीच्या दिवशी पांढऱ्या कपड्यांतली माणसं अंगणात बसली होती. त्यातलं कुणीतरी गाडीकडे बघून म्हणालं, "मालक गेला, आता तीबी थोडं चालून थांबणार. मालकासारखीच." लोकांनी माना डोलावल्या. मला इतका राग आला. तुला फुप्फुसाचा आजार होता, गाडीला डिझेलच्या वाटेतला एक दोष होता. एकाचं दुसऱ्याशी काही नातं नाही. तुझ्यावर कुणाला काही करता आलं नाही. गाडीवर करता येतं. मी तिथेच ठरवलं की ही गाडी मी चालती करणार.

वहिनीला ती दारात नको होती. "सकाळी दार उघडलं की ती दिसते, आणि मला वाटतं हॉर्न वाजंल," ती म्हणाली. सलीमभाई म्हणाले, "चालती असंल तर मी घेतो ताई. पासिंग करून वीटभट्टीवर लावतो. भाऊची गाडी हाय, डोळ्यासमोर राहील. पण बंद गाडी घेऊन काय करू? माझ्या दारात उभी करून तिथं रडू?" नाहीतर नांदेडच्या बाहेर भंगारचं यार्ड होतंच. म्हणजे गाडी जगणार की कापली जाणार, हे ती बंद का पडते याच्यावर आलं होतं.

मी मेस स्वयंपाकाच्या बाईंवर सोपवून भोकरला राहिले आणि कामाला लागले. कमी डिझेलमुळे पाईप हवा ओढत असेल, म्हणून आधी टाकी भरली. भरून झाल्यावर सलीमभाईंनी कुलूप घातलं. तुझीच सवय त्यांना. झाकणावरचं भोक आम्ही दोघांनी बघितलं. "हे तर भाऊनं करून ठेवलंय," ते म्हणाले, आणि आम्ही पुढे गेलो. फिल्टर बदलला. टाकीच्या तळाचं पाणी काढलं. मिस्त्री बोलावला, त्यानं पंप उघडून साफ केला, पाईप बदलला, जोडांवरचे तांब्याचे वायसर नवे घातले. प्रत्येक कामानंतर मी किल्ली फिरवायला सांगायचे. गाडी पहिल्या झटक्यात सुरू व्हायची. तोच आवाज. वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर यायची आणि दाराच्या चौकटीला धरून उभी राहायची. मग आवाज जरा पातळ व्हायचा, एकदा दचकायचा, आणि संपायचा. वहिनी आत जायची.

हे किती वेळा झालं ते मी लिहून ठेवलेलं नाही. मी लिहून न ठेवलेली एवढी एकच गोष्ट असेल.

शेवटी मिस्त्री म्हणाला, "ताई, म्हातारी झाली ती. एक धरलं की दुसरं सुटतंय. सोडा आता." सलीमभाई जमिनीकडे बघत होते. मी यार्डाला फोन केला.

टोचनचा लोखंडी दांडा सलीमभाईंनी लावला. त्यांचा ट्रक पुढे, तुझी गाडी मागे. मागच्या गाडीत स्टेअरिंग धरायला माणूस लागतो. "पोरगं बोलावू का कुणी?" त्यांनी विचारलं. मी नको म्हणाले आणि चढले.

इतकी वर्षं मी तुला म्हणत होते, मी टेम्पो चालवते, एकदा तुझी गाडी चालवू दे. तू म्हणायचास, "तुझा टेम्पो म्हणजे भाजीची पिशवी हाय. ही गाडी हाय." आता मी तुझ्या सीटवर बसले होते. सीटला तुझ्या बसण्याचा खळगा होता, त्यात मी तिरपी बसत होते. इंजिन बंद असल्यानं ब्रेक दगडासारखा आणि स्टेअरिंग अंगातला सगळा जोर लावला तर वळायचं. समोर काचेत सलीमभाईंच्या ट्रकचं मागचं फळकूट, बाकी काही दिसत नव्हतं. रेल्वे फाटकाशी थांबलो तेव्हा बाजूच्या ट्रकचा ड्रायव्हर खिडकीतून माझ्याकडे बघून ओरडला, "मावशी, कुठं चालली?" मला फक्त एवढं वाटत होतं की तू बघू नयेस. तू कुठेच नाहीस हे मी मानते. आपल्याला लहानपणापासून तेच शिकवलं आहे. तरी तू बघू नयेस असं मला वाटत होतं.

यार्डाच्या फाटकातच त्यांचं पहिलं काम असतं चेसिसवरचा नंबर कापून काढायचं. तो तुकडा मालकाकडे देतात, आरटीओ ऑफिसात जमा करायला. गॅसकटर फिरला, लोखंड लाल झालं आणि नंबरचा तुकडा गळून पडला. तो कापला की गाडी कागदोपत्री संपते. मग कुणी कितीही रडलं तरी तिचं पासिंग होत नाही. तुकडा पाण्यात बुडवून त्यांनी माझ्या हातात दिला. अजून कोमट होता.

मग यार्डातला माणूस डिझेल काढून घ्यायला आला. किल्ली माझ्याकडून घेतली, कुलूप काढलं, झाकण खाली मातीत ठेवलं आणि कॅन आणायला गेला. तेवढ्यात मागून दुसरी गाडी आली. "आत घ्या, आत घ्या, वाट अडवू नका," कुणीतरी ओरडलं. सलीमभाई दांडा सोडवत होते. म्हणाले, "ढकलतील ही माणसं, ताई. उतरा तुम्ही."

मी म्हणाले, "फाटकातून आत तरी स्वतः जाऊ दे. एवढं तर ती चालतेच."

किल्ली फिरवली. पहिल्या झटक्यात सुरू. गिअर टाकला, आत नेली. कापलेल्या केबिनींच्या रांगेत, त्यांनी दाखवलं तिथे उभी केली. आणि ती बंद पडायची वाट बघत बसले, रोज बघत होते तशी.

ती बंद पडली नाही.

आवाज पातळ झाला नाही. दचकला नाही. एकसारखा, भरलेला, पोटातून येणारा आवाज, तू माहूरचा घाट उतरताना असायचा तसा. सलीमभाई आधी हसले, मग त्यांचं तोंड उतरलं. ते फाटकाकडे चालत गेले, मातीतून झाकण उचललं, उलटं केलं आणि बघत उभे राहिले. मग येऊन खिडकीतून ते माझ्या हातात दिलं.

वरच्या पत्र्यात भोक होतं. फोटोतलंच. आतली रबरी चकती अख्खी होती. ड्रिलचं टोक तिच्यापर्यंत आलं होतं, रबरावर मुगाच्या दाण्याएवढी खूण होती, आणि तिथे ते थांबलं होतं.

दादा, का थांबलास? आत रबर आहे हे विसरलास? की पावसाचं पाणी जाईल म्हणून मुद्दाम ठेवलंस, आणि फोटो नुसता माझं तोंड बंद करायला पाठवलास? दोन्ही तुला शोभणारं आहे. दोन्हींवर मी तुला धारेवर धरलं असतं आणि दोन्ही वेळा तू म्हणाला असतास, तुझी यादी घाल चुलीत. मला एवढंच हवं आहे. बाकी काही नको. तू समोर बसावंस आणि हे कबूल करू नयेस.

यार्डातला माणूस कॅन घेऊन आला. "ताई, बंद करा ना. डिझेल जाऊन राहिलं."

तुझ्या गाडीची किल्ली काढली तरी इंजिन थांबत नाही. डॅशबोर्डखालची काळी मूठ ओढावी लागते, तेव्हा डिझेल तुटतं. मी तिच्यावर हात ठेवला आणि ओढू शकले नाही. भोकरला तुझ्या अंगणात मी रोज म्हणत होते, बंद पडू नकोस. इथे, कटर पेटलेले असताना, मी म्हणत होते, पड आता. उदगीरला गल्लीसमोर पडलीस, नळेगावला पडलीस, घाटात पडलीस, आत्ता एकदा पड, म्हणजे हे मला करावं लागणार नाही.

ती चालत राहिली. टाकी भरलेली होती. मीच भरली होती.

"ताई," सलीमभाई म्हणाले, "मी ओढू का?"

मी नको म्हणाले. झाकण मांडीवर होतं, पातेलं होतं तसं. मी मूठ ओढली.